गरुडासनाला खाली बसायचं

"ताई, जावंसं तर खूप वाटतंय. पण सगळ्यांसमोर जमलं नाही तर?"

मी समुपदेशक. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हे वाक्य किती जणींनी म्हटलं असेल, याची मोजदाद मी केव्हाच सोडली. कुणाला चाळिशीत पोहायला शिकायचं असतं, कुणाला पन्नाशीत गाण्याच्या क्लासला नाव घालायचं असतं. अलीकडे, विशेषतः परदेशातून ऑनलाइन बोलणाऱ्या बायकांकडून, त्यात हॉट योगाची भर पडली आहे. तापवलेल्या बंद खोलीत तास-दीड तास आसनं करायची. गुदमरेन का, चक्कर येईल का, हे प्रश्न वरवर असतात, तळाशी वेगळंच काही असतं. ते काय असतं, हे मला एका क्लायंटबरोबर काम करताना सगळ्यात स्पष्ट दिसलं. तिची परवानगी घेऊन, ओळखीच्या खुणा बदलून, ते इथे मांडते आहे.

ती ४३ वर्षांची, मूळची पुण्याची, न्यू जर्सीत स्थायिक. तिच्याकडे शनिवारी सकाळचे आठ वाजायचे तेव्हा माझ्याकडे संध्याकाळचे साडेसहा. आली होती झोपेची तक्रार घेऊन. दोन-तीन भेटींनंतर बोलता बोलता म्हणाली, ऑफिसमधल्या मैत्रिणीने वाढदिवसाला हॉट योगाच्या पहिल्या क्लासचं कूपन दिलंय, तीन महिने झाले, फ्रिजवर लावून ठेवलंय. दूध काढायला गेलं की दिसतं आणि पोटात गोळा येतो.

"गोळा कशाचा?"

"मला उकाडा सहन होत नाही."

"पुण्यातले एप्रिल-मे कसे काढलेत?"

ती हसली. "खोली बंद असते ना. छातीत धडधडायला लागलं तर?"

"तर काय कराल?"

"बाहेर येईन."

"आणि मग?"

बराच वेळ ती गप्प होती. मागे तिच्या खिडकीत बर्फ पडताना दिसत होता. मग म्हणाली, "मग सगळे बघतील. म्हणतील, ही इंडियन, आणि हिलाच येत नाही."

मी वहीत तेवढं एकच वाक्य लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. पुढच्या पाच भेटी आम्ही त्या रेघेवरच काम केलं.

तिचं माहेर शिवाजीनगरात. मॉडेल कॉलनीत हरेकृष्ण मंदिर रस्त्यावर योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची योगसंस्था आहे, १९७५ पासून. तिच्यावरून सायकलने ती रोज कॉलेजला जायची. "जगभरातून गोरे लोक आमच्या गल्लीत शिकायला यायचे ताई, आणि मी एकदाही आत पाऊल टाकलं नाही." अमेरिकेत गेल्यावर कुणी ना कुणी विचारायचंच, तुला तर लहानपणापासून येत असेल ना? ती नुसती हसायची. पंधरा वर्षं हसली. त्या हसण्याचं कर्ज इतकं साठलं होतं की आता क्लासला जाणं म्हणजे ते एकरकमी फेडणं, असं तिला वाटत होतं.

इथे बरेच जण धीर द्यायला जातात. "अगं, कुणी बघत नाही, प्रत्येक जण आपापल्या नादात असतो." हे मी कधीच सांगत नाही. कुणीतरी बघतंच. एखादा हसतोही. जो धीर मोडायला एका माणसाची नजर पुरते, तो धीर पहिल्याच दिवशी तुटतो. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेत घडले, आणि तिथे प्रश्न वेगळा विचारतात: समजा बघितलं, तर? ते न आवडण्यासारखं आहे की न सोसण्यासारखं?

तिचं म्हणणं मी तिला पुन्हा पुन्हा तिच्याच शब्दांत म्हणायला लावलं. "मला यायलाच पाहिजे. मी इंडियन आहे."

"यातला 'च' काढून म्हणा."

"मला यायला पाहिजे."

"अजून सैल करा."

"मला... आलं असतं तर बरं झालं असतं."

तिचे खांदे खाली आले. स्क्रीनवरसुद्धा ते दिसलं. आपल्या भाषेत सक्ती एका अक्षरात मावते, याचा मला माझ्या कामात मोठा उपयोग होतो. 'जमलंच पाहिजे', 'दिसताच कामा नये', 'हसूच नयेत'. बोलताना आपल्याला हा 'च' ऐकू येत नाही, पण छातीवर बसलेला असतो तोच.

तिच्या 'इंडियन'कडेही आम्ही नीट बघितलं. मी तिला विचारलं, हा हॉट योगा किती जुना? ती म्हणाली, हजारो वर्षं. तो इतका जुना नाही. कोलकात्याचे बिष्णुचरण घोष यांचे शिष्य बिक्रम चौधुरी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत त्याचा प्रसार केला. २६ आसनं, दोन श्वसनप्रकार, ९० मिनिटं, जवळजवळ ४० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता, असा तो ठरीव साचा. पुढे चौधुरींवर लैंगिक छळाचे गंभीर आरोप झाले, खटले चालले, आणि बऱ्याच स्टुडिओंनी त्यांचं नाव पाटीवरून उतरवून नुसतं 'हॉट योगा' ठेवलं. आज तर अनेक ठिकाणी आसनं वेगळी, वेळ कमी, तापमानही कमी असतं. "म्हणजे हा प्रकार तुमच्या आईपेक्षा लहान आहे," मी म्हटलं. "वारशाने कसा येईल?"

आणि ज्या संस्थेवरून ती सायकल मारत गेली, तिथली एक गोष्ट मी तिला सांगितली. अय्यंगारांनी आसनांसाठी लाकडी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या वापरात आणल्या. हात जमिनीला टेकत नसेल तर हाताखाली वीट ठेवायची, म्हणजे जमीनच माणसापर्यंत वर आणायची. ज्याला येत नाही त्याच्यासाठी इतका विचार तिच्याच गल्लीत झाला होता. हे ऐकून तिचे डोळे भरून आले. मी मध्ये काही बोलले नाही.

मग मी तिला गृहपाठ दिला. माझ्या सगळ्या वर्षांत दिलेल्या गृहपाठांपैकी हा मला विशेष जवळचा आहे.

"क्लासला जा. पहिल्या भागात उभी आसनं असतात. गरुडासन आलं, की खाली बसा."

"दमले तर?"

"दमला नसाल तरी. त्रास होत नसताना, मुद्दाम, सगळ्यांसमोर."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा किस्सा सांगितला. १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती वाटायची. म्हणून ते न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन बसले आणि महिन्याभरात शंभर अनोळखी बायकांशी स्वतःहून बोलले. त्यातून जुळलं काहीच नाही. भीती मात्र गेली. "ते उद्यान तुमच्या घरापासून फार लांब नाही," मी म्हटलं, आणि ती पहिल्यांदाच मोकळी हसली.

धडधडीबद्दल एवढंच सांगितलं: उष्णतेत शरीर स्वतःला थंड ठेवायला रक्त कातडीकडे पाठवतं, म्हणून हृदयाला जास्त वेगाने चालावं लागतं. ही धडधड कामाची असते, पण आपण तिला भीतीची समजतो आणि मग खरंच घाबरतो.

पुढच्या शनिवारी ती कॅमेऱ्यासमोर बसली तेव्हा केस ओले होते. सकाळी सहाच्या क्लासहून थेट आली होती.

"काउंटरवर फॉर्म होता. आधीचा अनुभव, असा रकाना. मी लिहिलं, काही नाही. हात थरथरत होता. त्या मुलीने वाचलं, मान वर केली, आणि म्हणाली, मागच्या रांगेत उभ्या राहा, पुढच्यांचं बघून करता येईल. बस, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच, ताई. पंधरा वर्षं लपवलं आणि त्या मुलीने टॉवेल पुढे केला."

खोलीत शिरल्यावर दमट भिंतीला धडकल्यासारखं वाटलं, म्हणाली. पहिल्या श्वसनातच कपाळावरून घाम डोळ्यांत. अर्धचंद्रासन झालं, पुढे वाकून पावलं धरायची होती, तिचे हात नडगीपर्यंतच पोचले. उत्कटासनात मांड्या पेटल्या. आणि मग गरुडासन: पायाला पायाची पीळ, हाताला हाताची. समोर भिंतभर आरसा.

"श्वास ठीक होता. करता आलं असतं थोडंफार. पण मी बसले. कसं सांगू, उंच फळीवरून उडी मारल्यासारखं वाटलं. आणि तेवढ्यात शिक्षिका माइकवर माझं नाव घेऊन म्हणाली, छान, पाणी घ्या."

"अरे बापरे. मग?"

"आरशात माना वळल्या. मी मोजल्या. चार."

"आणि?"

"आणि मग..." ती थांबली, जणू तो क्षण पुन्हा बघत होती. "मग त्यांनी पाय बदलला."

मी पेन खाली ठेवलं. मला जे सांगायला दहा भेटी लागल्या असत्या, ते तिने चार शब्दांत मला सांगितलं होतं. जिची तिला तीन महिने धास्ती होती, ती गोष्ट खरोखर घडली होती. लोकांनी बघितलं होतं, नावानिशी बघितलं होतं, आणि मग एका पायाचं गरुडासन संपवून दुसऱ्या पायाचं सुरू झालं होतं. कुणी बघितलंच नसतं, तर ती सुटकेचा श्वास टाकून परतली असती आणि पुढच्या वेळी भीती तशीच तिची वाट बघत बसली असती. माझा हा ठाम अनुभव आहे: भीतीतली गोष्ट टळल्याने माणूस मोकळा होत नाही. ती घडून, सोसली गेल्याने होतो.

त्यानंतर ती उठली आणि पुढची आसनं जमतील तेवढी केली. उष्ट्रासनात मळमळलं, तेव्हा पुन्हा बसली. या वेळी कुणी बघितलं का, हे तिला आठवत नव्हतं.

हे वाचून कुणी पहिल्यांदा जाणार असेल, तर काही गोष्टी मी आग्रहाने सांगते. धडधड आणि घाम सोसायचे, पण उष्णतेचा त्रास सोसायचा नाही. डोकं ठणकायला लागलं, उलटी आली, अंगावर काटा येऊन थंडी वाजली, सुचेनासं झालं किंवा घाम येणं थांबलं, तर त्याच क्षणी बाहेर यायचं. तिथे मनाची परीक्षा घेऊ नका. गर्भवतींनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. माझ्या क्षेत्रातलं एक बरेचदा सांगायचं राहून जातं: लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तातली औषधाची पातळी धोकादायक वाढू शकते. नैराश्याच्या आणि मनोविकाराच्या इतर काही औषधांनीही उष्णता सहन करायची क्षमता कमी होते. आधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

जायच्या आधी दोन-तीन तास जड खाऊ नका. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, आणि नंतर नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ-साखर घातलेलं लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत घ्या, कारण घामातून मीठही जातं. घामातून शरीरातलं विष निघतं, असं कुणी सांगेल. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्यासाठी खोली तापवावी लागत नाही. उष्णतेची सवय व्हायला शरीराला नियमितपणे आठवडा-दोन आठवडे द्यावे लागतात, म्हणून पहिल्या दिवसावरून स्वतःची किंमत ठरवू नका. किंबहुना कुठल्याच दिवसावरून ठरवू नका.

आणि क्लास आवडला नाही, तर सोडून द्या. मी तिलाही हेच सांगितलं होतं. आपलं काम क्लास पुरा करायचं नव्हतंच.

दिवाळीत ती पुण्याला आली तेव्हा फराळाचा डबा घेऊन मला भेटायला आली. स्क्रीनवर वाटायची त्यापेक्षा बरीच उंच निघाली. आठवड्यातून एकदा जाते म्हणाली, झोप पूर्वीपेक्षा बरी आहे, मैत्रिणीला आणि मग एका पार्टीत सगळ्यांनाच सांगून टाकलं, मला योग येत नाही, आत्ता शिकते आहे. "बघा कुठवर पोचतात," असं म्हणून तिने ओढणी खुर्चीवर टाकली आणि माझ्या खोलीच्या मध्यभागी वाकली. बोटं फरशीच्या वीतभर वर थांबली.

मी टेबलावरची दोन जाड पुस्तकं उचलली आणि तिच्या हातांखाली सरकवली.