वाचकांचे प्रश्न : जुन्या इमारतीतलं ऑपरेशन थिएटर

प्रश्न : चाळीसगावात आमचं चाळीसेक वर्षांपूर्वीचं दुमजली रुग्णालय आहे. वरच्या मजल्यावर २० बाय २० फुटांचं थिएटर, त्यात दोन स्प्लिट एसी. स्लॅब १० फुटांवर, बीम दीड फूट खाली उतरलेले. फरशीवर विनाइल आणि नवं फॉल्स सीलिंग करायचं ठरलंय. आणखी काय पाहावं?

उत्तर : डॉक्टर, विनाइलची ऑर्डर थांबवा, आधी हवेचं बघा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो आणि त्याच्या ओल्या कॉइलवर बुरशी धरते. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या 'एनएबीएच'च्या मार्गदर्शनात तो थिएटरला चालत नाही. तासाला किमान २० वेळा हवा बदलायला हवी, त्यांपैकी ४ वेळा बाहेरची ताजी. तुमची खोली ४,००० घनफूट, म्हणजे मिनिटाला सुमारे १,३३० घनफूट हवा, त्यात २६७ ताजी. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश असताना एवढी ताजी हवा २१ अंशांवर आणायलाच एसीची जवळपास एक टन क्षमता जाते. कोटेशनमध्ये हे धरलंय का, विचारा.

बीमखालून डक्ट (हवा वाहून नेणारी पत्र्याची नळी) नेला तर डोक्यावरच येईल. वर गच्ची आहे, तिचा फायदा घ्या. एएचयू (हवा गाळून, थंड करून डक्टमध्ये सोडणारं यंत्र) गच्चीवर ठेवा, वजन कॉलम-बीमवर येईल असं. दोन बीमांमधल्या स्लॅबला भोक पाडून डक्ट थेट टेबलावरच्या ८ बाय ६ फुटांच्या प्लेनममध्ये, म्हणजे हवा खाली सोडणाऱ्या पेटीत, उतरवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरने सळया शोधून जागा आखल्याशिवाय भोक नको, आणि बीमला तर हातच लावू नका. भोकाभोवती गच्चीवर ९ इंच कठडा करून वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर पहिल्याच पावसात सीलिंग गळेल. परतीची हवा कोपऱ्यांतून, जमिनीलगत घ्या. खोलीत बाहेरपेक्षा किमान २.५ पास्कल जास्त दाब राहायला हवा. खिडक्या बुजवल्या नाहीत तर तो टिकत नाही. उन्हाळी धुळीने प्री-फिल्टर लवकर तुंबतात आणि हवा घटते, म्हणून फिल्टरवर दाबमापक बसवून घ्याच.

प्रश्न : धुळ्यात आमची दोन थिएटरं शेजारी आहेत. एकाचं काम चालू असताना दुसरं वापरता येईल?

उत्तर : येईल, पण जुना गिलावा फोडताना बुरशीचे बीजाणू उडतात, हे विसरू नका. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत नको, थेट स्लॅबपर्यंत घ्या. धूळ सीलिंगच्या वरून पलीकडे जाते. दोन्ही थिएटरांचा डक्ट एकच असेल तर कामाकडची तोंडं पत्रा लावून सील करा. कामाच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा बाहेर तोंड करून सतत चालू ठेवा. मलबा ओला करून, झाकलेल्या गाडीतून, रुग्ण वापरत नाहीत त्या जिन्याने न्या. तोडफोडीच्या दिवशी शेजारी शस्त्रक्रिया ठेवू नका.

प्रश्न : थिएटरातल्या ऑक्सिजन वगैरे गॅसच्या जुन्या लाइनला नवे आउटलेट जोडलेत, दाब बरोबर येतोय. सुरू करू?

उत्तर : नको. दाबावरून आत कोणता गॅस आहे ते कळत नाही. एका वेळी एकच गॅस चालू करा. बाकीच्या आउटलेटवर काहीही आलं नाही पाहिजे. मग प्रत्येक आउटलेटला ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावा : सिलिंडरच्या ऑक्सिजनला ९९ टक्क्यांच्या वर, पीएसए प्लांटच्या (हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या) ऑक्सिजनला ९० ते ९६, हवेच्या लाइनला २१. ब्रेझिंग (पाइप तापवून धातूने सांधणं) करताना पाइपमधून नायट्रोजन सोडला होता का, तेही विचारा. सोडला नसेल तर आत काळी पापडी धरलेली असते आणि ती सुटून व्हेंटिलेटरपर्यंत जाते. पाइपचे तेवढे तुकडे कापून नव्याने जोडून घ्या.