स्ट्रॅट आणि छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर मऊ, लांब टिकणारा सूर हवा असेल तर कोणतं ओव्हरड्राइव्ह पेडल घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: सिंगल कॉइल पिकअपची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटार, 8 इंची स्पीकरचा 20 वॉटचा ट्रान्झिस्टर ॲम्प, आणि त्यावर भावगीतांच्या चाली लीडवर वाजवायच्या आहेत. सूर गोल हवा, मींड पूर्ण होईपर्यंत टिकायला हवा. पण ॲम्पच्या गेन चॅनेलवर (जिथे ॲम्प स्वतःच आवाज फाडतो) तो करकरतो, आणि पेडलबद्दल प्रत्येकजण वेगळं नाव सांगतो.

उत्तर आधीच देतो. आयबनेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर (टीएस) या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या घराण्यातलं एखादं पेडल घ्या. आयबनेझचं टीएस9 किंवा टीएस मिनी चालेल, बजेट कमी असेल तर जोयोचं व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह किंवा बेहरिंगरचं टीओ800 चालेल. ते वाजवून पाहिल्यावर सूर नाकातून आल्यासारखा वाटला, तर नोबेल्सचं ओडीआर-1 बघा. पण निम्म्याहून जास्त मऊपणा पेडलच्या बाहेर ठरतो, म्हणून पुढचं वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे सिग्नलच्या लाटेचा माथा कापणं. माथा एकदम सपाट छाटला की वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उंच सूर) भरमसाट तयार होतात आणि कानाला करकर ऐकू येते. माथा घासून गोल केला की तेच हार्मोनिक्स कमी निघतात आणि सूर मऊ वाटतो. ट्यूब स्क्रीमरमध्ये माथा कापणारे डायोड ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये बसवलेले असतात, त्यामुळे सिग्नल वाढला की गेन, म्हणजे तो किती पट वाढवला जातो ते, आपोआप उतरतो. शिवाय मूळ सिग्नल न कापता सोबत पुढे जातो. रॅट किंवा एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस या पेडलांत डायोड ऑप-ॲम्पनंतर थेट ग्राउंडला जातात, तिथे छाटणी जास्त कडक होते.

हा फरक कानाने पकडता येतो. नेक पिकअपवर तिसऱ्या तारेचा 12 वा फ्रेट वाजवा आणि हात न हलवता सूर पूर्ण मरेपर्यंत ऐका. चांगल्या मऊ पेडलमध्ये खरखर हळूहळू विरघळते आणि शेवटी स्वच्छ तारेचा आवाज उरतो. नेमकं कुठे बदललं ते सांगता येत नाही. नको असलेल्या पेडलमध्ये शेवटच्या दोन सेकंदांत सूर फुरफुरतो, तुटतो, किंवा खरखर अचानक बंद होते. मींडेचा शेवट नेमका याच जागी असतो, त्यामुळे तुमच्यासाठी ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची.

ट्यूब स्क्रीमरचं दुसरं वैशिष्ट्य त्याच्या मिडमध्ये, म्हणजे बास आणि ट्रेबलच्या मधल्या पट्टीत आहे. कापणी होते त्या टप्प्यावर 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून साधारण 720 हर्ट्झच्या खाली गेन उतरवत नेतात. म्हणजे बास कमी कापला जातो, आणि जाड तारा फरफरत नाहीत. कापणीनंतर वरचा भागही उतरवला जातो. राहतो तो मधला फुगवटा. लीडच्या चालीला तबला, ढोलकी किंवा कीबोर्डमधून वर यायला हाच फुगवटा उपयोगी पडतो. पण 8 इंची स्पीकर आधीच बास कमी देतो, त्यामुळे तुमच्या ॲम्पवर तो फुगवटा जास्त जाणवणार आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटू शकतो. म्हणून मी वर ओडीआर-1 चं नाव घेतलं. त्यात बास जास्त भरलेला राहतो, स्पेक्ट्रम नावाचा एकच नॉब ट्रेबल आणि खालचे मिड एकत्र हलवतो, आणि नव्या आवृत्तीत बास कमी करायचा स्विचही असतो. नॅशव्हिलच्या स्टुडिओ गिटारवादकांत ते लोकप्रिय आहे.

बाकीची नावं थोडक्यात. बॉसचं एसडी-1 ट्यूब स्क्रीमरचाच भाऊ, पण त्यात डायोड एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. आवाज किंचित जास्त उघडा आणि टोकदार. मजबूत आहे, टोन नॉब खाली ठेवला तर तुमचं काम होईल. बॉसचं ब्लूज ड्रायव्हर सुंदर पेडल आहे, पण चमकदार आहे आणि पिकचा प्रत्येक ठोका दाखवतं. तुम्हाला नेमकं तेच नको आहे. क्लॉन सेंटॉर या नावाजलेल्या पेडलच्या धर्तीची पेडलं, उदाहरणार्थ इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं सोल फूड, कमी गेनवर छान लागतात, पण एकटं पेडल म्हणून ट्रान्झिस्टर ॲम्पवर तुम्हाला हवा तेवढा सस्टेन (सूर टिकणं) देणार नाहीत. खर्चाची तयारी असेल तर डंबल या दुर्मिळ, महागड्या ॲम्पच्या आवाजाच्या मागे गेलेलं झेनड्राइव्ह हे पेडल ऐका. त्यातला व्हॉइस नॉब बास किती कापला जावा हे ठरवायला मदत करतो, आणि आवाज व्हायोलिनच्या जवळ जातो. मॅड प्रोफेसरचं स्वीट हनी आणि त्यावर बेतलेलं जोयोचं स्वीट बेबी हे त्याहून शांत, कमी गेनचे पर्याय.

ट्यूब स्क्रीमरचं जुनं टीएस808 की टीएस9 यावर फार डोकं लढवू नका. दोन्हींच्या सर्किटमधला फरक मुख्यतः आउटपुटच्या दोन रेझिस्टरांचा आहे. आतल्या 4558 या ऑप-ॲम्प चिपच्या नावाखाली जास्त पैसे मागितले तर देऊ नका. त्या चिपच्या बदलापेक्षा तुमच्या गिटारच्या टोन नॉबचा अर्धा फेरा जास्त ऐकू येतो.

आता सगळ्यात मोठी चूक. इंटरनेटवर सर्रास सांगितलं जातं, ‘ड्राइव्ह शून्य ठेवा, लेव्हल पूर्ण उघडा.’ हा सल्ला व्हॉल्व्हच्या ॲम्पसाठी आहे, आणि तोही आधीच आवाज वाढवून सूर फाटायच्या बेतात आणलेल्या ॲम्पसाठी. तिथे पेडल व्हॉल्व्हला पुढे ढकलतं आणि मऊपणा व्हॉल्व्ह देतात. तुमच्या ट्रान्झिस्टर ॲम्पच्या क्लीन चॅनेलला तसं ढकललं तर त्याचा प्रीॲम्प (ॲम्पचा पहिला टप्पा) सपाट छाटतो, आणि पेडलने गोल केलेली लाट पुन्हा कडक होते. तुमच्याकडे सगळी कापणी पेडलच्या आतच व्हायला हवी. ॲम्प पूर्ण स्वच्छ राहायला हवा.

म्हणून सेटिंग असं करा. क्लीन चॅनेल घ्या. त्याचा गेन वेगळा असेल तर तो खाली ठेवा आणि आवाज मास्टरने वाढवा. बास 5, मिड 5, ट्रेबल 4. ॲम्पचा रिव्हर्ब बंद. पेडलचा ड्राइव्ह 11 वाजता, टोन 10 वाजता, म्हणजे नॉबची खूण घड्याळाच्या तासकाट्यासारखी त्या आकड्याकडे. लेव्हल अशी लावा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाची पातळी जवळपास तेवढीच राहील, फार तर थोडी जास्त. हे नीट करा, कारण जोरात वाजणारी गोष्ट कानाला नेहमीच चांगली वाटते आणि निर्णय चुकतो. गिटारवर नेक पिकअप, व्हॉल्यूम 8, टोन 6.

तो गिटारचा टोन 6 वर का, ते समजून घ्या, कारण मऊपणाची किल्ली तिथे आहे. ट्रेबल कापणीच्या आधी कमी केला तर करकर तयारच कमी होते. नंतर कमी केला तर करकर आधीच झालेली असते, तुम्ही तिच्यावर फक्त गोधडी टाकता; आवाज बोदा होतो आणि खरखर खालून ऐकू येतच राहते. म्हणून आधी गिटारचा टोन उतरवा, मग हवा तर पेडलचा टोन थोडा वर घ्या. बहुतेक जण उलट करतात. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन नॉबच नसतो, तेव्हा ब्रिजवर हा उपाय चालणार नाही.

यानंतरही काही बिनसलं तर लक्षणावरून कारण शोधा. सूर लवकर मरतो, तर ड्राइव्ह 1 वाजेपर्यंत न्या, पण त्याच वेळी गिटारचा टोन आणखी अर्धा अंक उतरवा. कॉर्डमध्ये दोन सूर एकमेकांत घुसून गढूळ होतात, तर ड्राइव्ह जास्त झाला आहे. ओव्हरड्राइव्हवर दोन सुरांमधून तिसरे, चौथे सूर तयार होतात आणि तिसऱ्या-दुसऱ्या तारेवरचा गांधाराचा जोड लगेच बिघडतो. पंचमाचा जोड मात्र तगतो. वरच्या फ्रेटवर जाड तारांचा सूर डगमगतो, बेसूर वाटतो, तर पिकअप तारांच्या फार जवळ आहे आणि त्याचं चुंबक तारेला ओढतं आहे. शेवटचा फ्रेट दाबून मोजा: नेक पिकअप सहाव्या तारेखाली साधारण 2 मिलिमीटर, पहिल्या तारेखाली 1.6 असावा. मऊ सुरासाठी आणखी अर्धा मिलिमीटर खाली गेलात तरी बिघडत नाही. पिकचा ठोका टकटकतो, तर 1 मिलिमीटरपेक्षा जाड पिक घ्या आणि टोकाऐवजी गोल खांद्याने वाजवा. पैसे न खर्चता होणाऱ्या बदलांत मला हा सगळ्यात आवडता.

ॲम्प कुठे ठेवलाय तेही बघा. जमिनीवरच्या ॲम्पचा ट्रेबल तुमच्या गुडघ्याला ऐकू येतो, कानाला नाही. तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोर बसलेल्याचे कान फाटतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, आणि टोन ठरवताना कान स्पीकरच्या रेषेत आणा.

बरेच वाद्यवृंद गिटार थेट मिक्सरला जोडतात. तुम्हीही तसं करणार असाल तर कोणतंही ओव्हरड्राइव्ह, कितीही महाग असलं तरी, डासांच्या थव्यासारखं वाजेल. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर फारसं वाजवतच नाही, आणि ओव्हरड्राइव्हला ती गाळणी लागते. कार्यक्रमातले पीएचे मोठे स्पीकर आणि हेडफोन सगळं वाजवतात. पेडलनंतर कॅबिनेट सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारं उपकरण) लावा. नसेल तर मिक्सरवर 5 ते 6 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं उतरवा. दुसरं पेडल घ्यायच्या आधी हा खर्च करा.

क्रम सोपा आहे: कॉम्प्रेसर असेल तर तो आधी, मग ओव्हरड्राइव्ह, मग डिले, शेवटी रिव्हर्ब. डिले आधी लावलात तर त्याची प्रत्येक पुनरावृत्ती नव्या सुराबरोबर कापली जाते आणि चिखल होतो. सस्टेन कमीच पडत असेल तर एका पेडलवर ड्राइव्ह पूर्ण उघडण्यापेक्षा दोन कमी गेनची पेडलं एकामागे एक ठेवणं चांगलं. पहिलं 9 वाजता, दुसरं 11 वाजता. दोन वेळा थोडं थोडं घासलेला माथा एका दणक्यात छाटलेल्यापेक्षा गोल राहतो.

सोल्डरिंग येत असेल तर ट्यूब स्क्रीमरच्या प्रतीत दोन बदल करून बघण्यासारखे आहेत. फीडबॅकमधला 51 पिकोफॅरडचा कपॅसिटर काढून 100 पिकोफॅरड लावा: पूर्ण ड्राइव्हवर वरची मर्यादा साधारण 5,700 हर्ट्झवरून 2,900 वर येते आणि सूर मलईसारखा होतो. ड्राइव्ह खाली असताना फरक फारसा ऐकू येणार नाही, कारण ही मर्यादा ड्राइव्हच्या रेझिस्टन्सबरोबर सरकते. दुसरा बदल 0.047 च्या जागी 0.1 मायक्रोफॅरड: 720 ची मर्यादा 340 हर्ट्झवर उतरते, नाकातला आवाज जातो, मधल्या तारांना अंग येतं. एका वेळी एकच बदल करा, ऐका, मग दुसरा. मिनी पेडलमध्ये बारीक एसएमडी भाग असतात, त्यांना हात लावू नका.

वीज शेवटी सांगतो, पण दुर्लक्ष करू नका. यातल्या बहुतेक पेडलांना 9 व्होल्ट डीसी लागतं, पिनच्या मध्यभागी ऋण. राउटरचा किंवा कीबोर्डचा ॲडॅप्टर मध्यभागी धन असू शकतो, तो लावू नका. क्लॉन धर्तीच्या पेडलांत आतच व्होल्टेज वाढवणारी चिप असते. त्यांना 18 व्होल्ट दिले तर ती जळते. स्वस्त ॲडॅप्टरवर घूं आवाज आला तर आधी 9 व्होल्टच्या बॅटरीवर वाजवून बघा: बॅटरीवर शांत झाला तर दोष ॲडॅप्टरचा. बॅटरीवरही राहिला आणि तारांना हात लावल्यावर कमी झाला, तर गिटारच्या आतलं शील्डिंग अपुरं आहे. पिकअप स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी नेल्यावर गुणगुण गेली, तर ती सिंगल कॉइलची आपली नेहमीची 50 हर्ट्झची गुणगुण. आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच प्लग काढा: ॲम्पच्या तीन पिनांपैकी अर्थिंग कुठेतरी तुटलंय, बहुधा दोन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डात. इलेक्ट्रिशियनकडून ते जोडून घेईपर्यंत ॲम्प चालू करू नका.