चमचा खाली ठेवताना

"मॅडम, सलाईन बंद, जेवण बंद. घरी आणून आम्ही वडिलांना उपाशी मारतोय का?"

घरी अखेरची शुश्रूषा चालू असलेल्या कुटुंबांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की आज त्यावर लिहायलाच बसले. आपल्या कोल्हापुरात पाहुण्यालाही आग्रह केल्याशिवाय ताटावरून उठू देत नाहीत. तिथं आजारी बापानं तोंड फिरवलं की काळजात चर्र होणारच.

सुरेश (नाव आणि काही तपशील बदललेत) मंगळवार पेठेतले. वडील, आप्पा, चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर. कॅन्सर यकृतात पसरला होता आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका सेवाभावी संस्थेची नर्स आठवड्यातून दोनदा यायची. मॉर्फिनच्या गोळ्यांनी दुखणं आटोक्यात होतं. पण दर दोन तासांनी सुरेश पेजेचा चमचा घेऊन उशाशी. आप्पा कसाबसा घोट घ्यायचे, ठसका लागायचा.

मीही घरी भेटायला जायचे. मी समजावलं. शरीर मिटत आलं की भूकच सरते, अशा वेळी अन्न न घेतल्यानं माणूस मरत नसतो, आजारामुळं अन्न नकोसं होतं. बळंच भरवलेला घास फुप्फुसात जाऊ शकतो. सुरेशना सगळं पटलं, पण चमचा काही सुटला नाही.

चौथ्या भेटीत मी सुरेशच्या देखतच आप्पांना विचारलं, "पेज गोड लागते का, आप्पा?"

बराच वेळ ते छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चव कुठली आता, बाई. पोरगं रात्रभर जागतंय. एक घोट घेतला की त्याचं तोंड जरा खुलतं. म्हणून गिळतोय."

सुरेशचा हात वरच राहिला. पेजेचा थेंब चादरीवर पडला. मी एक शब्द बोलले नाही. इतक्या वर्षांत मी काही कमावलं असेल, तर अशा वेळी गप्प राहायला शिकले. सुरेशनी खाटेच्या कडेला डोकं टेकलं आणि आप्पांचा, गरम किसानं डाग पडलेला हात त्यांच्या केसांवर आला.

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांसाठीचं शुश्रूषाघर, सुरू केलं. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची मिळून एकच असते, हे त्यांचं म्हणणं मी प्रमाण मानते. त्या दिवशी मला दिसलं की मुलाची वेदना बाप गिळत होता आणि मुलाला वाटत होतं, आपण बापाला जगवतोय.

त्यानंतर चमच्याच्या जागी ओला कापूस आला, ओठांना व्हॅसलीन, तळपायाला तेल. आणि गप्पा. टूल बोथट झालं की लेथचा आवाज कसा बदलतो, हे आप्पांनी मुलाला पहिल्यांदाच सांगितलं. एकोणिसाव्या दिवशी आप्पांनी घरीच डोळे मिटले.

मधल्या काळात "फुकटची सेवा घ्यायला लाज वाटते" म्हणून सुरेश पन्नास हजार द्यायला निघाले होते. मीच थांबवलं. त्या घालमेलीत दिलेलं दान नवसासारखं होतं, गुण आला नाही की सलतं. तेराव्यानंतर ते अन्नदानाचं विचारायला आले. अन्नदान चांगलंच. पण मी म्हटलं, "आप्पांच्या पाठीखालची एअर मॅट्रेस दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून आली होती, सुरेश."

नाव लिहिता येईल अशी वस्तू द्यायला माणसं पुढं येतात. नर्सचा पगार आणि गगनबावड्याकडच्या वाडीपर्यंतचं पेट्रोल मात्र कुणाला सुचत नाही. म्हणून आधी संस्थेला गरज विचारा. एकरकमी जमत नसेल तर दरमहा थोडं द्या. केरळात वस्त्यावस्त्यांतून छोट्या वर्गण्यांवर ही सेवा उभी राहिली आणि वर्गणी आपल्या तालीम-मंडळांना काय नवी आहे? २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, तेव्हा चेकनं द्या, पावती घ्या. उरलेलं मॉर्फिन मात्र शेजाऱ्याला द्यायचं नाही, नर्सकडंच सोपवायचं.

सुरेश आता दरमहा पेट्रोलचे पैसे देतात. मॅट्रेस परत करायला आले तेव्हा पंप काढून मला दाखवला. "घरघर करत होता. उघडून साफ केलाय. पुढच्या माणसाला झोप लागंल."