नवाबाची पत्रं गाळू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गालिबची पत्रं वाचायला घेतलीस याचा फार आनंद झाला. पण रामपूरच्या नवाबाला पैशांसाठी लिहिलेली पत्रं वाचवत नाहीत, म्हणून ती गाळायचं तू ठरवलं आहेस. तेवढं करू नकोस.

1857 नंतरची दिल्ली डोळ्यांपुढे आण. मित्र मारले गेले, कोणी परागंदा झाले, सरकारी पेन्शन बंद पडलं, ते थेट 1860 मध्ये सुरू झालं. मधल्या काळात रामपूरचे नवाब यूसुफ अली खान यांनी जुलै 1859 पासून दरमहा शंभर रुपये लावून दिले. ते ‘नाज़िम’ या नावाने गझल लिहीत आणि ती दुरुस्तीसाठी गालिबकडे टपालाने येई. म्हणजे ही नुसती मदत नव्हती, उस्तादाचं मानधनही होतं. 1865 मध्ये ते वारले आणि कल्बे अली खान गादीवर आले. या नव्या नवाबाशी फारसीवरून मतभेद झाला, तेव्हा गालिबला नमतं घ्यावं लागलं. फारसीच्या बाबतीत कोणालाही न जुमानणारा माणूस तो! ही पत्रं मला सर्वांत जास्त हलवतात.

आता त्याच हातची दुसरी पत्रं बघ. दिल्लीजवळच्या सिकंदराबादचा हरगोपाल ‘तफ़्ता’ हा लाडका शिष्य. त्याचं पत्र आलं नाही, तर डिसेंबर 1858 मध्ये गालिब लिहितो: का हो साहेब, रुसूनच बसणार की कधी ऐकणारही? आणि काही केल्या ऐकायचंच नसेल, तर रुसण्याचं कारण तरी कळवा. ना मायना, ना प्रस्तावना. 1860 च्या सुरुवातीला तो स्वतः रामपूरला गेला, तिथून पानिपतला मीर मेहदी ‘मजरूह’ला लिहिलेलं पत्र तर मोठ्याने वाच. ‘अहाहा, माझा लाडका मेहदी आला! ये, बस’ अशी सुरुवात, जणू मेहदी दारात उभा आहे. मग गावापासून तीनशे पावलांवरच्या कोसी नदीच्या पाण्याचं कौतुक. अमृताचा एखादा झरा तिला येऊन मिळालाय म्हणतो. हा आनंद ज्याच्या पाहुणचारात सुचला, तो तोच नवाब, यूसुफ अली.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की पत्रं तारखांप्रमाणे वाच. संग्रहांत बहुधा ती माणसांप्रमाणे लावलेली असतात, त्यामुळे लाचारीचा गालिब वेगळा आणि मैत्रीचा वेगळा वाटू लागतो. एका वहीत वर्षं मांड, प्रत्येक महिन्यात कोणाला काय लिहिलं त्याची नोंद कर. खलीक़ अंजुम यांनी चार खंडांत संपादित केलेली पत्रं याला उपयोगी पडतील. उर्दू लिपी अजून सराईत नसेल, तर देवनागरीतल्या निवडीपासून सुरुवात कर, पण लिपी शीकच.

आणि मियाँदाद खान ‘सय्याह’ला लिहिलेली पत्रं आवर्जून शोध. हा आपल्या औरंगाबादचा, पुढे सुरतेत राहिलेला. त्याला गालिबने ‘सैफ़ुल हक़’ हा किताब दिला होता. सुरतेच्या मीर गुलाम बाबा खानांनी बोलावलं, तर म्हातारा थकलेला, प्रवास झेपेना. सय्याहलाही गालिब पत्रांतूनच भेटत राहिला.

तुझ्या दोन्ही गझला वाचल्या. दुसरीत दोन ठिकाणी वृत्ताचं वजन मोडतंय, तिथे शिसपेन्सिलीने खुणा केल्या आहेत. दुरुस्त करून पाठव, आणि सोबत 1860 सालाचं पान भरलं असेल तर तेही.

तुझा,
काका