टनामागं काय सुटलं ते बघ

बेळगाव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. खाणींसाठी स्फोटकं आणि जोडीला रसायनं बनवणाऱ्या कंपनीचे तीन वर्षांचे आकडे तू उतरवून काढलेस आणि प्रत्येक ओळीपुढं वाढीची टक्केवारी लिहिलीस. काम स्वच्छ आहे. पण पहिल्याच ओळीपुढं "विक्री दीडपट, कंपनी जोरात" असा शेरा मारलायस, तो खोड. या धंद्यात विक्रीचा आकडा बऱ्याचदा कंपनीबद्दल बोलतच नाही, अमोनियम नायट्रेट या मुख्य कच्च्या मालाच्या भावाबद्दल बोलतो.

आपल्या उद्यमबाग वसाहतीतली फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, डोळ्यांपुढं आण. कास्टिंगचा दर किलोवर ठरतो. पिग आयर्न आणि स्क्रॅप महागलं की दर वाढवून मिळतो आणि बिल फुगतं. भट्टी मात्र तेवढीच चाललेली असते आणि किलोमागं सुटणारे रुपयेही तेवढेच असतात. स्फोटकांचंही तसंच आहे. इमल्शन स्फोटकात सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडं जास्त अमोनियम नायट्रेटच असतं, बाकी पाणी, तेल आणि ती दोन्ही एकजीव ठेवणारा इमल्सिफायर. नायट्रेटचे दाणे आणि डिझेल यांचं साधं मिश्रण घेतलंस तर ९४ टक्के नायट्रेट, ६ टक्के डिझेल. एवढा मोठा वाटा एकाच मालाचा असल्यावर विक्रीची किंमत त्याच्यामागं धावणारच.

कागदावर करून बघ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. पहिल्या वर्षी १ लाख टन माल टनाला ४०,००० रुपयांनी गेला, म्हणजे ४०० कोटींची विक्री. कच्चा माल टनाला २८,०००, बाकी खर्च ७,०००, सुटले ५,०००. म्हणजे ५० कोटी, विक्रीच्या साडेबारा टक्के. दुसऱ्या वर्षी नायट्रेट भडकलं. कच्चा माल ४८,०००, विक्रीदर ६०,०००, बाकी खर्च तेवढाच, टनही तेवढेच. विक्री झाली ६०० कोटी आणि सुटले पुन्हा ५० कोटी. टक्केवारी मात्र ८.३ वर आली. वरची ओळ बघणारा म्हणेल ५० टक्के वाढ, टक्केवारी बघणारा म्हणेल धंदा बिघडला. दोघंही चुकले. टनामागं ५,००० रुपये होते आणि ५,००० च राहिले.

उलटंही घडतं, आणि ते प्रत्यक्षात बघायला मिळतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा नैसर्गिक वायू, त्यापासून बनणारा अमोनिया आणि अमोनियापासून बनणारं नायट्रेट तिन्ही कडाडले. पुढं २०२३ मध्ये भाव उतरले. नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजची एकत्रित विक्री २०२२-२३ मध्ये सुमारे ६,९०० कोटी रुपये होती, ती २०२३-२४ मध्ये सुमारे ६,१०० कोटींवर आली. निव्वळ नफा त्याच वर्षी वाढला. नुसत्या विक्रीवरून शेरा मारला असता तर त्या वर्षी तो साफ उलटा पडला असता.

म्हणून तुझ्या तक्त्यात विक्रीच्या आधी टनांचा रकाना घाल. हा आकडा नफातोट्याच्या पत्रकात नसतो. वार्षिक अहवालातला व्यवस्थापनाचा आढावा, गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण आणि तिमाही चर्चेचा लेखी वृत्तांत, या तीन ठिकाणी शोध. तिथं एक घोटाळा हमखास होतो. बल्क (सुटा माल) आणि कार्ट्रिज (कांड्यांत भरलेला माल) टनांत मोजतात, डिटोनेटर (स्फोट सुरू करणारी छोटी नळी) नगांत आणि डिटोनेटिंग कॉर्ड (स्फोटक भरलेली दोरी) मीटरमध्ये. एकूण विक्रीला नुसत्या टनांनी भागलंस तर डिटोनेटरचे पैसेही टनांच्या डोक्यावर बसतात आणि "टनाचा दर वाढला" असं खोटंच दिसतं. आधी प्रकारवार विक्री वेगळी काढ, मग भाग.

प्रकारवार बघण्याला आणखी एक कारण आहे. बल्क म्हणजे टँकरसारख्या गाडीतून थेट सुरुंगाच्या भोकात पंपानं सोडलेला माल. त्यात टन मोठे असतात आणि टनामागं सुटतं थोडं. खरी कमाई डिटोनेटर, बूस्टर अशा पेटवणाऱ्या मालात जास्त असते. टन दहा टक्क्यांनी वाढले आणि नफा जागचा हलला नाही, तर बहुतेक वेळा बल्कचा वाटा वाढलेला सापडतो. त्यात १ एप्रिल २०२५ पासून सरकारनं इलेक्ट्रिक डिटोनेटर बनवणं, बाळगणं आणि आयात करणं बंद केलंय. त्यामुळं त्यांच्या जागी येणाऱ्या, चिपवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरची विक्री उसळलेली दिसेल. ती नवी मागणी किती आणि जुन्याच्या जागी बसलेली किती, हे वेगळं कर. नगांची तुलना कर, रुपयांची नको. जुने डिटोनेटर बनवणाऱ्या यंत्रांची किंमत निर्लेखित केलीय का, म्हणजे हिशेबातून काढून टाकलीय का, तेही हिशेबाच्या टिपांमध्ये शोध.

आता कराराकडं बघ. कोल इंडियासारख्या मोठ्या गिऱ्हाइकाशी दर बांधलेला असतो आणि त्यात दरबदलाचं कलम असतं. कच्च्या मालाचा भाव आज वाढला तरी बिलातला दर थोडा उशिरा वाढतो. त्यामुळं भाव चढत्या तिमाहीत टनामागचा नफा दबतो आणि उतरत्या तिमाहीत फुगतो. फुगलेल्या तिमाहीत व्यवस्थापन कार्यक्षमतेचं गाणं गाईल, दबलेल्या तिमाहीत बाजाराला दोष देईल. तू चार तिमाह्यांची सरासरी काढ. एका तिमाहीवर मत बनवू नकोस.

कंपनी नायट्रेट स्वतः बनवते की विकत घेते, हा प्रश्न तर वहीच्या पहिल्या पानावर लिही. दीपक फर्टिलायझर्सचा नायट्रेटचा कारखाना तळोज्याला आहे. अशा कंपनीच्या नफ्याची दोरी अमोनियाच्या, नाहीतर वायूच्या हातात असते. हिशेब सोपा आहे. एक टन नायट्रेटला साधारण ०.७९ टन नायट्रिक आम्ल आणि ०.२१ टन अमोनिया लागतो, आणि ते आम्ल बनवायलाही तितकाच अमोनिया जातो. म्हणजे टनामागं सुमारे ०.४३ टन अमोनिया, प्रत्यक्षात गळतीमुळं थोडा जास्तच. अमोनिया टनाला १०,००० रुपयांनी चढला की नायट्रेटचा खर्च चार हजारांवर चढतो. हे गुणोत्तर पाठ असू दे.

मागणी मोजताना कोळशाच्या टनांवर थांबू नकोस. सुरुंग मुख्यतः कोळशावरचा दगडमातीचा थर फोडायला लागतो, त्याला ओव्हरबर्डन म्हणतात. समजा एक टन कोळशासाठी अडीच घनमीटर थर काढावा लागतो आणि घनमीटरला ४०० ग्रॅम स्फोटक लागतं, तर टन कोळशाला एक किलो झालं. खाण खोल गेली आणि थर तीन घनमीटर झाला, तर कोळसा तेवढाच काढूनही स्फोटक १ किलो २०० ग्रॅम लागेल. त्यामुळं ओव्हरबर्डन किती काढला हा आकडा कोळशाच्या उत्पादनापेक्षा जास्त उपयोगी आहे.

जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचं तुला वेगळं सांगायला नको. खानापूरच्या पावसात खडीमशीनची खाण पाण्यानं भरते आणि काम थांबतं, तसंच मोठ्या खाणींतही होतं. ही तिमाही एप्रिल-जूनशी लावून "घसरण" म्हणू नकोस, मागच्या पावसाळ्याशी लाव. आणि गिऱ्हाईक कोण कोण आहे तेही बघ. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बळ्ळारीतलं आणि पुढं चित्रदुर्ग, तुमकूरमधलं लोहखनिज उत्खनन थांबवलं. ज्याचा माल अशा एकाच पट्ट्यात जातो, त्याची विक्री एका आदेशानं थांबते.

कंपनी वेगवेगळ्या धंद्यांत आहे म्हणतेस, तर विभागवार माहितीची टीप काढ. प्रत्येक विभागाचा नफा भागिले त्यात गुंतलेलं भांडवल, एवढं एकच गणित कर. रसायन विभाग स्फोटक विभागाला नायट्रेट देत असेल तर आंतरविभागीय विक्रीची ओळ दिसेल. तो दर कंपनीच ठरवते, त्यामुळं एका विभागाचा नफा दुसऱ्यात दाखवणं शक्य असतं. अशा वेळी दोन्ही एकत्र धरूनच बोल. जमीन विकून आलेले पैसे, व्याज, एकदाच मिळालेली भरपाई, हे सगळं "इतर उत्पन्न" आणि "अपवादात्मक बाबी" यांत असतं. ते वजा केल्याशिवाय नफ्याला हात लावू नकोस.

मग रोकड. वरचंच उदाहरण घे. उधारी ९० दिवसांची धर. ४०० कोटींच्या विक्रीवर सुमारे ९९ कोटी अडकले होते, ६०० कोटींवर १४८ कोटी अडकतील. एक टनही जास्त न विकता ४९ कोटी आणखी गुंतले. नऊ टक्के व्याजानं वर्षाला साडेचार कोटींच्या आसपास गेले, ते त्या ५० कोटींतूनच. महागाईच्या वर्षी नफा दिसतो आणि कर्जही वाढतं, त्याचं कोडं इथं सुटतं. येणे रकमेत जीएसटी धरलेला असतो आणि विक्रीत नसतो, त्यामुळं उधारीचे दिवस जरा जास्त दिसतात. तेवढी सूट दे.

एक रकाना तुझ्या तक्त्यात मुळीच नाही, तो घाल. अपघात. या कारखान्यांत चूक झाली तर माणसं जातात, आणि ती बहुतेक आपल्यासारख्याच घरांतली, कंत्राटावर राबणारी असतात. मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कामगार आणि कर्मचारी यांचे मृत्यू आणि गंभीर इजा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. आकड्यांत त्याचा माग परवाना स्थगित होणं, महिनोन् महिने बंद शेड, भरपाई आणि संभाव्य देण्यांची टीप यांत लागतो. सलग दोन-तीन वर्षं त्या रकान्यात मृत्यू दिसले, तर बाकीचे आकडे कितीही चांगले असोत, शेरा मारताना ते आधी लिही.

तक्ता पुन्हा कर आणि पाठव. टनांचे काही रकाने रिकामे राहतील, राहू देत. अंदाजानं भरू नकोस. कोणत्या तिमाहीत कंपनीनं टन सांगणं बंद केलं, तेवढं पेन्सिलीनं बाजूला लिही.

तुझा
काका