मुंबईजवळ समुद्र आणि खाडीच्या मधल्या बेटावर दोन दिवस काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की परदेशात समुद्र आणि खाडीच्या मधोमध वाळूची लांबट बेटं असतात, लोक तिथे सुट्टी घालवतात, आणि मुलांना घेऊन मुंबईजवळ तसं कुठे जाता येईल.

तंतोतंत तसं बेट इथे नाही. ती बेटं लाटांनी आणून टाकलेल्या वाळूची असतात. आपल्या धारावी बेटाला, म्हणजे मनोरी-गोराई-उत्तनच्या पट्ट्याला, खाली खडक आहे आणि उत्तरेला भाईंदरहून रस्ताही आहे. (शीवजवळच्या धारावीचा इथे संबंध नाही.) पण पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मध्ये गावं, हे सगळं तसंच. मी बोरिवलीची, लहानपणापासून तिथे जाते, म्हणून मनापासून सांगते: हॉटेल नंतर ठरवा, आधी भरती-ओहोटी बघा.

हे मी एकदा चांगलंच शिकले. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी नऊला मनोरीच्या किनाऱ्यावर चटई टाकली, मुलीने किल्ला बांधायला घेतला आणि साडेदहापर्यंत किल्ला, चटई, डबे सगळं पाण्यात. परतताना बोटीवर एका कोळी काकांनी हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. षष्ठीला साडेचार. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी फार वर येतं. म्हणून लहान मुलं असतील तर षष्ठी-सप्तमीच्या आसपास जा. भरती पहाटे होऊन गेलेली असते आणि सकाळी दहा-अकराला किनारा लांबवर उघडा मिळतो.

त्या ओल्या वाळूवर मुलांना खाली बसवा. बारीक खेकडे वाळू चाळून खातात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती मांडून ठेवतात. माझी मुलगी तासभर तिथून हलली नव्हती. खाडीच्या बाजूला ओहोटीला तिवरांची वर आलेली मुळं दिसतात आणि चिखलात निवट्या नावाचे मासे उड्या मारतात. तिथे चिखलात उतरू नका, पाय रुततो. जेटीवरूनच बघा.

मालाडच्या मार्वे जेटीवरून मनोरीला बोट जाते, दहाएक मिनिटांत पलीकडे. बोरिवलीहून गोराईलाही बोट आहे. पहिला दिवस मनोरी-गोराईत घालवा. गोराईचा विपश्यना पॅगोडा जरूर बघा. आत एकही खांब नाही, दगडात दगड अडकवून उभारलेला घुमट, आणि त्याखाली ८००० माणसं ध्यानाला बसू शकतात.

दुसरा दिवस उत्तनला द्या. मला विचाराल तर सगळ्यात बघण्यासारखं तेच. पावसाळा संपला की तिथे बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत असतात. जवळ जाऊन बघा: एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. दोरा नाही, चिमटा नाही. सकाळी लवकर गेलात तर बायका हे काम करताना दिसतील. एका मावशींनी मुलीच्या हातात दोन बोंबील देऊन तिला जोडी करायला शिकवली होती. फोटो काढण्याआधी मात्र विचारा, ते त्यांचं रोजचं काम आहे. इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या ख्रिस्ती, घरांत जेवण मिळालं तर बाटली मसाल्यातलं कालवण आणि फुगे (तळलेले गोल पाव) सोडू नका. मार्च ते मे गेलात तर ताडगोळे खा.

पोहण्याबद्दल मी कडक आहे. घोट्याच्या वर पाणी नको, आणि पावसाळ्यात तेवढंही नको, कारण तेव्हा निळ्या फुग्यासारखे, ब्लू बॉटल नावाचे समुद्री जीव किनाऱ्याला लागतात आणि त्यांचा डंख फार आग करतो. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे बोटी ओढून ठेवलेल्या आणि वलांड्या रिकाम्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

आणि मनोरीला उतरल्या उतरल्या तिकीटवाल्याला परतीची शेवटची बोट किती वाजता ते विचारून घ्या. सुकट घेणार असाल तर झाकणाचा डबा घरूनच न्या.