पुस्तक मिटलं की पत्ते मुके

प्रश्न : दोन महिन्यांपासून टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भाकीत वाचायला, शिकतेय. ७८ पत्त्यांचे अर्थ पाठ केले, पण पुस्तक मिटलं की डोकं कोरं. अंतःप्रेरणा वाढवायची कशी?

उत्तर : पाठांतर थांबवा. संच रायडर-वेट-स्मिथ आहे ना, ते आधी बघा. १९०९ साली आलेल्या या संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या ४० अंकी पत्त्यांवरही चित्रं रंगवली. जुन्या फ्रेंच मार्सेय पद्धतीच्या संचात तिथे नुसते पेले नि तलवारी मोजत बसावं लागतं.

रोज सकाळी एकच पत्ता काढा. अर्थ न बघता दोन मिनिटं जे दिसतं तेवढंच वहीत लिहा. समजा, पेल्यांची पंजी आली. काळ्या झग्यातला माणूस, समोर सांडलेले तीन पेले, पाठीमागे उभे दोन. पलीकडे नदी, पूल, गढी. बहुतेक जण सांडलेलेच मोजतात! त्याने मान वळवली तर काय दिसेल, हे लिहिलंत की निम्मा अर्थ हाती आला. मग पुस्तक उघडा. रात्री त्याच पानावर दिवसात काय घडलं ते एका ओळीत टिपा. जुळलं नाही तरी खोडू नका, नाहीतर जुळलेलंच तेवढं लक्षात राहतं आणि त्यालाच आपण अंतःप्रेरणा म्हणू लागतो.

महिनाभर उलटे आलेले पत्ते सरळ करून वाचा. प्रश्न विचारून पत्ते मांडायचे असतील, तर दहा पत्त्यांच्या केल्टिक क्रॉस मांडणीला इतक्यात हात नको, तीन पत्ते पुरेत. आणि उत्तर आवडलं नाही म्हणून त्याच प्रश्नासाठी पुन्हा पिसायचं नाही.